वार विचारून या

‘लातुरात कुणी लायसन्स असलेली क्लिनिकल सोशल वर्कर आहे का हो?’ असा फोन आता मला वरचेवर येतो. विचारणारा बहुधा बाहेरगावी असतो; पुण्यात, बंगळुरात, कधी न्यू जर्सीत. आई नि भाऊ इकडं औशाला, उदगीरला किंवा देगलूरला. भाऊ रात्र रात्र झोपत नाही, आई थकून गेलेली, आणि डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तरी घरात नेमकं कसं वागायचं ते कुणी सांगत नाही. अमेरिकेत राहिलेल्या माणसाला अशा वेळी कुणाला शोधायचं ते माहीत असतं. तिथं समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर अनेक राज्यांत जाणत्याच्या देखरेखीखाली सुमारे ३,००० तासांचं काम, मग परीक्षा आणि मग राज्याचा परवाना अशी वाट आहे. पिनकोड टाकला की जवळची नावं येतात, परवाना खरा की खोटा ते राज्याच्या यादीत ताडून पाहता येतं. त्याच सवयीनं इथं ४१३५१२ टाकून पाहिलं की हाती लागतात मनोविकारतज्ज्ञांची नावं, व्यसनमुक्ती केंद्रं आणि मनःशांती देणाऱ्यांच्या जाहिराती.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मी हेच काम करत आले. समाजकार्यात एमएसडब्ल्यू झाल्यावर एम.फिल.साठी रांचीला गेले, परत येऊन सरकारी दवाखान्यात लागले, पुढं संस्थांबरोबर गावोगाव फिरले. त्या बळावर सांगते, तुम्ही शोधताय तसं माणूस आपल्याकडं आहे. थोडं आहे, पण आहे. ते पाटी लावून बसलेलं नसतं म्हणून सापडत नाही. त्याची खोली विचारावी लागते, आणि त्याहून आधी वार विचारावा लागतो.

आधी कायद्याचं सांगते, कारण विचारणाऱ्याला तिथूनच सुरुवात हवी असते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कुणाला म्हणायचं ते स्पष्ट आहे: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखाली रुग्णांबरोबर केलेलं काम आलंच पाहिजे. अशा लोकांची नोंदणी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणानं करायची आणि नोंदलेल्यांची यादी प्रसिद्ध करायची, असंही कलम ५५ मध्ये लिहिलंय. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या अनुसूचीत क्लिनिकल, सायकियाट्रिक आणि मेडिकल असे तिन्ही सोशल वर्कर नावानिशी आहेत. म्हणजे परवान्याची चौकट कागदावर आलेली आहे. पण माझ्याकडं येणाऱ्या एकाही घरानं असली यादी हातात धरलेली नसते. औशातल्या आईला प्राधिकरण हा शब्दसुद्धा कुणी सांगितलेला नसतो.

या कामाची मुळं आपल्याच राज्यात आहेत, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याचं पहिलं विद्यालय निघालं आणि दुसऱ्याच वर्षी तिथं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. मनाच्या आजारात घरच्यांशी बोलणारा प्रशिक्षित कार्यकर्ता नेमण्याची सुरुवात तिथली. पुढं १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथं राहायला बोलावलं. तोवर घरच्यांनी माणूस दारात सोडून निघून जायचं, असाच रिवाज होता. तंबूत राहून घरच्यांनी आजार समजून घेतला, रुग्ण लवकर घरी परतू लागले. रांचीत शिकताना हा प्रसंग ऐकला तेव्हाच मला माझं काम कळलं. आपल्याला घरच्यांना आत घ्यायचंय, आणि जमेल तिथं आपणच त्यांच्या घरात जायचंय.

आता इथलं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. किनवटचा माणूस जिल्ह्याच्या गावाला यायचा तरी सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि तिथून येरवडा म्हणजे अख्खी रात्र. नांदेडचे सोळा तालुके, लातूरचे दहा. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्हे मिळून ५८ लाखांवर लोक. एवढ्या मुलुखात आमचं माणूस सापडण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या.

पहिली जागा म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. अशा ठिकाणी चौकशीच्या खिडकीवर ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ म्हणून विचाराल तर माणूस तुमच्या तोंडाकडं बघत राहील. ‘समाजसेवा अधीक्षक कुठं बसतात?’ असं विचारा. सरकारी दप्तरात आमच्या पदाचं नाव ते आहे, आणि मनोविकृती विभागासाठी असलेलं पद वेगळं असतं. अडचण अशी की या माणसाचा बराचसा दिवस सरकारी योजनांच्या कागदांत, बिलमाफीत, बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधण्यात जातो. वॉर्डात त्यांना ‘फंडाचं बघणारे’ म्हणूनच ओळखतात. त्यांच्याकडं आपणहून जाऊन ‘आमच्या घरात आजार आहे, बसून बोलायचंय’ असं म्हणावं लागतं. म्हटलं की बहुतेकजण वेळ काढतात, हे मी पाहिलंय.

दुसरी जागा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याचं जिल्ह्याचं रूप १९९६ पासून. या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि परिचारिका असावेत असा नियम. पथक ठरलेल्या वारी तालुक्याच्या दवाखान्यात येतं. मुखेड, हदगाव, निलंगा, उदगीर अशा ठिकाणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ‘मनाचे डॉक्टर कोणत्या वारी येतात?’ एवढं विचारलं तरी काम होतं. केसपेपर काढायचा, गोळ्या फुकट मिळतात, आणि त्या टेबलाच्या शेजारच्या खुर्चीवर आमचं माणूस असतं. ते खरंच असेल ना, हे मात्र आदल्या दिवशी फोन करून विचारा. ही पदं बहुतांश कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावरची. चांगली तयार झालेली मुलगी आदेश लांबला की दुसरीकडं निघून जाते आणि तिनं जोडलेली शंभरेक घरं पुन्हा पोरकी होतात. मला या सगळ्यात सर्वांत जास्त राग येतो तो याच गोष्टीचा. गोळी बदलली तर चालतं, पण ज्या माणसाजवळ घरानं पहिल्यांदा तोंड उघडलं ते माणूस बदललं की घर पुन्हा मिटतं.

हे माणूस करतं तरी काय, असं फोनवर लोक विचारतात. एका घराचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

देगलूरच्या बाजूचं घर. मुलगा पंचविशीतला, आयटीआय झालेला. एके दिवशी कामावरून परत आला तो बोलेनासाच झाला, नंतर एकट्यानंच बोलायला लागला. ‘बाहेरचं काहीतरी हाय’ म्हणून आधी माहूरला नेलं, मग गाणगापूरला नेलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून हैदराबादला. एक एकर गहाण पडलं. हैदराबादच्या गोळ्यांनी दोन महिने चांगले गेले, मग गोळ्या बंद, आणि सगळं पहिल्यासारखं. आमच्या पथकाच्या दिवशी आई त्याला घेऊन आली तेव्हा डॉक्टरांपुढं रांग मोठी होती. त्यांनी आजार ओळखला, गोळ्या लिहिल्या, आणि मला म्हणाले, ‘घर बघून या.’

घर बघायला जाताना गाडी दारात न्यायची नाही, ही माझी रीत. गाडी जिल्हा परिषदेच्या शाळेपाशी लावायची आणि आशाताईबरोबर चालत जायचं, म्हणजे गल्लीला वाटतं लसीचं काहीतरी असेल. त्या घरी मी आधी चहा घेतला, सोयाबीनचं काय झालं ते ऐकलं, आणि मग म्हटलं, गोळ्या कुठं ठेवता ते दाखवा. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात पाकिटं होती. मोठ्या गोळ्या बरोबर संपत आलेल्या, आणि बारक्या पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं. आई म्हणाली, ‘ती बारकी गोळी काय कामाची मॅडम, दोन दिल्या की उष्ण पडतंय त्याला.’ ती बारकी गोळीच मुळात हात थरथरू नयेत, अंग ताठ होऊ नये म्हणून दिलेली. ती गाळली म्हणून हात कापायला लागले, हात कापतात म्हणून वडलांनी मोठीही बंद केली. शिवाय गोळी देण्याचं काम आजीकडं, आणि आजी ती सकाळी चहाबरोबर द्यायची. पोरगा दुपारपर्यंत पेंगायचा. बापाचं म्हणणं, ‘शेतात यायचं नाव नाही, नुसता लोळूलालाय.’ रोज त्यावरनं तोंड वाजायचं.

डॉक्टरांच्या टेबलाशी बसून यातलं काहीच दिसलं नसतं. मी परत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी रात्रीवर नेली. गोळी द्यायचं काम आजीकडून आईकडं आलं. भिंतीवर कालनिर्णय होतंच. गोळी दिली की त्या तारखेला पेनानं खूण करायची असं ठरलं. बापाबरोबर मात्र बरेचदा बसावं लागलं. आळस आणि आजार यातला फरक त्याला पटायला वेळ लागला. पटला तो मी सांगितलं म्हणून नव्हे. त्याचा एक मावसभाऊ असाच वागत वागत घरातून निघून गेला होता, ती आठवण त्यानं स्वतः काढली आणि मग गप्प बसला.

घरच्यांच्या बोलण्याचा आजारावर किती परिणाम होतो, याचा अभ्यास जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानं लंडनमध्ये १९५० च्या दशकापासून केला. दवाखान्यातून बरा होऊन गेलेला माणूस सतत टोचून बोलणाऱ्या घरात परतला तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे त्यातून दिसलं. नंतर चंदीगडला असाच अभ्यास झाला तेव्हा आपल्याकडच्या घरांत असं टोचून बोलणं लंडनपेक्षा कमी आढळलं. आपल्या घरांची ही ताकद आहे आणि ती मी डोळ्यांनी पाहते. पण कर्जानं, दोन वर्षांच्या नापिकीनं, लग्न अडलेल्या मुलीच्या काळजीनं पिचलेल्या घरात ती ताकद आटते. तिथं आमचं काम सुरू होतं.

पुढं त्या मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, ४० टक्क्यांपासून लाभ मिळतात, हे त्या घराला ठाऊकच नव्हतं. हात-पाय धड असलेल्याला प्रमाणपत्र कसं मिळेल, असंच सगळे म्हणायचे. मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. एका तालुक्याच्या कार्यालयात कारकुनानं आईला विचारलं, ‘पोरगं तर चांगलं दिसतंय, मग कशाला?’ मी शेजारी उभी होते म्हणून ती रडली नाही, कागद पुढं सरकवला. हेही माझंच काम. पगारी कागदावर याला समुपदेशन म्हणत नाहीत, पण अशा खिडकीपुढं एकटी पडलेली आई पुन्हा गाणगापूरची वाट धरते. सध्या तो मुलगा चुलत्याच्या किराणा दुकानात संध्याकाळी बसतो. हिशेब बरोबर करतो. आजार आहेच, पण आता घराला त्याच्यासकट जगता येतं.

लातूरच्या माणसाला मनाच्या जखमेबद्दल सांगायला लागू नये खरं तर. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या कोणत्या घराला माहीत नाही? आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले आणि चारला काही मिनिटं असताना किल्लारी, सास्तूर हादरलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा समाजकार्याची विद्यार्थिनी होते, मदतीच्या तुकडीबरोबर आले. धान्य, ब्लँकेटं, पत्र्याची शेडं यांची मोजदाद करणारे पुष्कळ होते. पक्की घरं उभी राहिली तरी कितीतरी बायका छताखाली झोपायला तयार नव्हत्या. अंगणात खाट टाकून झोपायच्या, थंडीतसुद्धा. नवी गावं सरळ रेषेत आखलेली, जुनी गल्ली विस्कटलेली. ‘घर मिळालं, पण शेजार गेला,’ असं एक बाई म्हणाली होती. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं १,२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. त्यांना सांभाळणं म्हणजे नुसतं जेवण आणि शाळा नव्हे, हे तिथं काम करणाऱ्यांना लवकरच कळलं. नागपाड्याच्या त्या विद्यालयातूनच पुढं झालेल्या टाटा संस्थेचं तुळजापूरचं केंद्र जवळ होतं, तिथले लोक आणि विद्यार्थी गावांत उतरले. त्या वर्षी या भागानं आमच्या कामाची गरज जगापुढं ठेवली. पण त्यातून प्रत्येक तालुक्यात एक कायमचं माणूस उभं राहायला हवं होतं, ते राहिलं नाही. मदत उठली तसे कार्यकर्तेही उठले. अंगणातल्या खाटा मात्र नंतरही बरीच वर्षं दिसत राहिल्या.

शेतकरी आत्महत्येच्या घरी जाण्याचं काम मला सर्वांत जड जातं. घरात माणूस गेलेला, आणि त्याच आठवड्यात पंचनामा, तलाठी, बँकेचा कागद, सातबारा. सरकारी समितीनं प्रकरण पात्र ठरवलं तर मदत एक लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर काही नाही, आणि गावात वर चर्चा की ‘दारू प्यायचा.’ विधवा बाईला प्रत्येक येणाऱ्यापुढं तोच दिवस पुन्हा सांगावा लागतो. आमच्या माणसानं तिथं काही विचारायला जायचं नसतं. बसायचं. वारस नोंद झाली का, दीर-सासरे जमिनीवर तिचं नाव लागू देतात का, पोरं शाळेत गेली का, ती स्वतः रात्री झोपते का, आणि घरात शिल्लक राहिलेला फवारणीचा डबा कुठं आहे, हे हळूहळू बघायचं. त्या डब्याचं मी दरवेळी विचारते. एका घरात एक गेला की दुसऱ्याच्याही मनात ते येऊ शकतं, आणि वाटेत नुसतं कुलूप असलं तरी तेवढ्यात वेळ टळते. कुणी औषध घेऊन वाचलं असेल तर घरचे पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यातही खरं सांगत नाहीत. त्यांना मी सांगते, २०१७ च्या कायद्यानं, कलम ११५ नं, असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरलंय. त्याला शिक्षा करायची नसून त्याची काळजी सरकारनं घ्यायचीय. हे ऐकल्यावर बापाच्या खांद्याचा ताण उतरलेला मी पाहिलाय. शासनानं २०१५ नंतर मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताईनं घरोघर ताणाची प्रश्नावली भरायची असं ठरलं. कल्पना चांगलीच होती, आणि आशाताईंनी पुष्कळ माणसं शोधूनही दिली. पण शोधलेलं माणूस पाठवायचं कुणाकडं, तिथं गाडी अडते.

आणि लातूरचा ट्यूशन एरिया, कोचिंग क्लासची वस्ती. आमचं माणूस तिथंही हवं. परभणी, नांदेड, बीडच्या गावांतून आया दोन-दोन वर्षांसाठी इथं भाड्याच्या खोलीत राहायला येतात, पोराला डबा करून घालतात, बाप तिकडं शेत बघतो. पोरगं सतरा वर्षांचं. परीक्षेत गुण घसरले की ते आधी जेवण कमी करतं, मग फोन उचलत नाही. आई शेजारणीला विचारते, शेजारीण म्हणते नजर लागली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निर्देश दिले. त्यात १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी, कोचिंग क्लाससुद्धा त्यात आले, मुलांच्या मनाचं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमावा असं आहे. लातूरच्या आईबापांनो, फी भरताना हा प्रश्न विचारा: तुमच्याकडं हे माणूस कोण, ते कधी बसतं, आणि आमच्या मुलाला त्याच्याकडं जायचं असेल तर ते घरी आणि सरांना कळल्याशिवाय जाता येईल का? उत्तर टाळलं तर पुन्हा विचारा. दहा आया विचारायला लागल्या की खुर्ची येते आणि माणूसही येतं.

माणूस खरं की नाही, ते कसं ओळखायचं? ‘समुपदेशक’ अशी पाटी काही आठवड्यांच्या कोर्सवरही लागलेली मी पाहिली आहे, म्हणून संकोच न करता विचारावं. एमएसडब्ल्यू कुठं झालं, एम.फिल. आहे का, रुग्णांबरोबरचं शिक्षण कोणत्या दवाखान्यात घेतलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, आमची तिथं नसते. तेव्हा आमच्या माणसाकडं तो क्रमांक नाही म्हणून ते खोटं, असं धरू नका. नुसतं एमएसडब्ल्यू झालेली, पण वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही चांगली असतात. तीही कुणा मनोविकारतज्ज्ञाबरोबर जोडलेली आहेत का ते बघा. आमच्यापैकी कुणी गोळी लिहून देत असेल किंवा चालू गोळी बंद करायला सांगत असेल, तर तिथून उठा. आणि एक माझी खास खूण: चांगलं माणूस पहिल्याच भेटीत विचारतं, घरात कोण कोण असतं, स्वयंपाक कोण करतं, पैसा कुणाच्या हातात, गोळी कोण देतं. जे फक्त रुग्णाकडं बघून तासभर उपदेश करतं, त्याला आमच्या कामाचं शिक्षण मिळालेलं नसावं.

आजाराच्या मुळाशी मारहाण असेल तर दवाखान्याच्या आधी दुसरी दारं आहेत. १९८४ मध्ये मुंबईत टाटा संस्थेनं पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढं राज्यभर गेला. तिथं प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसते. १८१ वर फोन केला तर सखी केंद्राची वाट सांगतात. लेकराचा प्रश्न असेल तर १०९८. आणि रात्री-अपरात्री कुणीच नसेल तेव्हा १४४१६, टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सेवा सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोनवर आपला जिल्हा आणि तालुका सांगा, आणि जवळ प्रत्यक्ष भेटता येईल असं ठिकाण विचारून घ्या.

एक काळजी मला वेगळीच आहे. कायद्यात आमची व्याख्या एम.फिल.वर उभी आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल. ही पदवीच बंद केली. आमच्या आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या अभ्यासक्रमाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली गेली. त्यापुढं कोणती पदवी धरायची, ते कायद्यात नीट बसवलं नाही तर आज एमएसडब्ल्यू करणाऱ्या मुलींना नोंदणीची वाटच राहणार नाही. आधीच बंगळुरू, रांची, तेजपूर एवढ्या लांब जाऊन शिकावं लागतं; मुखेडची, अहमदपूरची मुलगी किती वेळा एवढ्या लांब जाईल? नांदेड-लातुरातच, इथल्याच वैद्यकीय महाविद्यालयांत हे शिक्षण सुरू व्हावं, जागा कायम व्हाव्यात, आणि नोंदलेल्या माणसांची तालुकावार यादी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीशी लावावी. यातलं काहीही फार खर्चाचं नाही. मी याची निवेदनं दिली आहेत, देत राहीन.

तोवर फोन आला की मी वहीचा कागद फाडून त्यावर लिहिते आणि फोटो काढून पाठवते: दवाखान्याचं नाव, खोली, वार, सकाळी नऊच्या आत. आधार कार्ड, रेशन कार्ड, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. पेशंट यायला तयार नसेल तर त्याला बांधून, फसवून आणू नका. पहिल्यांदा तुम्ही एकटेच या, तेही चालतं. आणि न्यू जर्सीचा भाऊ येणार असेल तर आनंद आहे, पण त्याच्याबरोबर गावातलं ते माणूस हवं, जे रोज रात्री गोळी हातावर ठेवतं.